तिच्या मुलांना दाखवलेल्या जागा

आमची मुलगी गेली तेव्हा तिचा मुलगा दुसरीत होता आणि मुलगी नुकती बोलायला लागली होती. पोटातला आजार होता. कळला तेव्हा फार पुढे गेलेला होता. जावयांनी पुण्यातल्या दवाखान्यात तिचं सगळं केलं, कशात कमी पडले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा कुणाची तरी चूक ऐकायची असते. चूक कुणाचीच नव्हती.

आम्ही खोपोलीत राहतो, शिळफाट्याच्या मागच्या अंगाला. यजमान इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. नातवंडं झाल्यापासून सगळे त्यांना आजोबा म्हणायला लागले, तशी मीही म्हणते. मूळचे ते खालापूरकडच्या गावातले, आणि त्यांना जुन्या जागांचं वेड. सुट्टीच्या दिवशी बाकीचे फिटर झोपा काढायचे, हे कुठल्या तरी लेण्यात नाहीतर गडावर. आमची एकुलती एक लेक चालायला लागल्यापासून त्यांच्याबरोबर असायची. मी घरी डबा भरून द्यायची आणि संध्याकाळी दोघांचे मातीचे कपडे धुवायची.

ती गेल्यानंतर पहिल्या मे महिन्यात जावई दोन्ही पोरांना आमच्याकडे सोडून गेले. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो लावलेला होता, चंदनाचा हार घालून. पोरगा जेवायला बसायचा तो फोटोकडे पाठ करून. पोरगी पंख्याकडे बोट दाखवून "फॅन" म्हणायची आणि मग त्याच सुरात फोटोकडे बोट दाखवून "आई" म्हणायची. तिनं असं म्हटलं की मी उठून आत जायची. आजोबा पेपर उघडून बसायचे, पण पान काही उलटायचे नाहीत. घरात चार माणसं असून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

एका सकाळी चहा पिता पिता आजोबा म्हणाले, "या पोरांना घरात ठेवायचं नाय. उद्या बाहेर नेऊ."

"कुठं नेता या उन्हात?"

"उंबरखिंडीत. नदीकाठी झाडं हायत. सावली असते."

शेजारच्या पोराची रिक्षा सांगितली. पालीच्या रस्त्यानं जाऊन शेमडीला वळलो आणि चावणी गावाच्या पलीकडे नदीत उतरलो. मे महिन्यात नदी म्हणजे नुसते गोल धोंडे, मधे एखादं डबकं. तिथे मोठ्या खडकावर लढाईचं स्मारक उभं आहे. मी एका झाडाखाली चादर अंथरली, पोरीला मांडीवर घेतलं. आजोबांनी नातवाला धोंड्यांवरून हात धरून नेलं आणि स्मारकापाशी उभं केलं.

"त्या तिकडून, वरनं, घाटातनं मोगलांची फौज उतरली. हत्ती, घोडे, तोफा, तंबू, सगळं. वाट ही एवढी अरुंद. दोन्ही बाजूंना रान. रानात महाराजांची माणसं दडून बसलेली. एकाला दिसत नव्हती."

"मग?"

"मग फौज पुरी आत आली नि पुढची वाट बंद, मागची बंद. पाणी नाय प्यायला. त्या फौजेत एक बाई होती, सरदारीण. तिनं सरदाराला सांगितलं, आता शहाणपना कर नि शरण जा."

"मग महाराजांनी सगळ्यांना मारलं?"

"नाय रं. सामान ठेवा नि जा, म्हणाले. सोडून दिलं."

पोरगा विचारात पडला. "म्हणजे कोणीच मेलं नाही?"

"लढाई हाय बाबा. मेले थोडे आधी."

"मग त्यांची मुलं?"

आजोबांनी टोपी काढून घाम पुसला. मी झाडाखालून बघत होते. त्यांनी टोपी परत घातली. मग म्हणाले, "त्यांच्या आज्यांनी वाढवली असतील."

पोरगा एवढंच म्हणाला, "हां." आणि धोंड्यांवरून उड्या मारत माझ्याकडे आला आणि त्यानं डब्यातल्या तीन पोळ्या खाल्ल्या. घरी तो एकसुद्धा संपवत नव्हता.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. मे महिना आला, दिवाळी आली, की पोरं यायची आणि आम्ही त्यांना घेऊन निघायचो. कधी गावातलंच पेशव्यांच्या वेळचं देऊळ आणि त्याच्यासमोरचं तळं, कधी कर्जतच्या बाजूला. पोरीला कडेवर, पाण्याच्या बाटल्या पिशवीत. आजोबा बोलत राहायचे. ही भिंत कुणी बांधली, हे टाकं कुणी खोदलं, ते राजे कुठले. मला एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. तिथे आम्ही मेलेल्या माणसांबद्दल मोकळेपणानं बोलू शकत होतो. कोण कसं मेलं, कुणाच्या मागे कोण राहिलं, पोरगा सगळं विचारायचा आणि आजोबा सगळं सांगायचे. घरी आलो की फोटोखालून निमूटपणे आत जायचो.

तिच्याबद्दल आजोबा एक अक्षर बोलत नव्हते. यातल्या बहुतेक जागा त्यांनी तिला दाखवलेल्या होत्या. एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही की तुमची आई इथे आली होती.

दोन वर्षांनी जावई एकटेच आले. पोरं शाळेत होती. पाणी प्यायले, चहा घेतला, आणि कप हातात तसाच धरून बसले. मला आधीच समजलं.

"आई, बाबा, एक विचारायचं होतं. म्हणजे... माझ्या आईचं वय झालंय. मुलांचं होत नाही तिच्याकडून. एक स्थळ आलंय. तिचं लग्न झालेलं नाहीये आधी. मुलांबद्दल सगळं माहीत आहे तिला. पण तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार."

मला वाटलं आजोबा उठून जातील. ते उठले नाहीत. म्हणाले, "कर. पोरांना घरात बाई पायजे. आमी काय जन्माला पुरनार हाय का?"

जावई आमच्या दोघांच्या पाया पडले आणि रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तेही अजून लहानच होते. त्यांना गाडीवर बसवून आजोबा परत आले, खुर्ची घेतली, चढून पंखा खाली काढला आणि जमिनीवर फडकं पसरून त्याचे सगळे भाग सुटे केले. पंखा चांगला चालत होता. त्यात काही बिघाड नव्हता. संध्याकाळपर्यंत ते तो पुसत बसले आणि मग परत जोडून वर टांगला.

नवीन बाई आली. मी तिला लग्नानंतर पुण्यालाच भेटले. शांत, चष्मा लावणारी, बँकेत नोकरी. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि "आई" म्हणाली. मी तिच्या हातावर साडी ठेवली, ओटी भरली. परत येताना गाडीत घाट उतरेपर्यंत मला उलट्या होत होत्या. लोकांना वाटलं घाटामुळे.

पोरगी तिला आई म्हणायला लागली. म्हणणारच. तिला दुसरी कुठली माहीतच नव्हती.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात आजोबांनी कोंढाण्याची लेणी ठरवली. पोरगी तेव्हा पहिलीत गेली होती आणि पोरगा अकरा-बारा वर्षांचा झाला होता, उंच, कमी बोलणारा. सकाळच्या गाडीनं कर्जतला गेलो, तिथून कोंडिवड्यापर्यंत रिक्षा केली. पुढे उल्हास नदीच्या कडेनं आणि मग रानातून चढ. आजोबांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, पण ते पुढे होते. मधे थांबून ते झाडांची नावं सांगत होते आणि खरं म्हणजे दम घेत होते.

चढ सुरू होतो तिथे वरच्या ठाकरवाडीतल्या दोन बायका करवंदांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पळसाच्या पानांचे द्रोण. मी चार द्रोण घेतले. त्यातली म्हातारी माझ्याच वयाची असेल. तिनं पोरांकडे कौतुकानं पाहिलं.

"नातवंडं का गं?"

"हो."

"लेकाची का लेकीची?"

"लेकीची."

"लेक नाय आली?"

मी पिशवीत पाण्याची बाटली शोधायला लागले. तेवढ्यात पोरगी द्रोणातलं करवंद तोंडात टाकून म्हणाली, "आई पुण्याला आहे. तिला ऑफिस आहे ना."

"बरं बरं," म्हातारी म्हणाली. "मंग पुढल्या टायमाला घिऊन या."

मी पोराकडे पाहिलं. त्याच्या हातातला द्रोण तिरका झाला होता आणि करवंदं खाली घरंगळत होती. त्यानं ती उचलली नाहीत.

वर पोचेपर्यंत तो सगळ्यांच्या मागून, पायानं दगड उडवत आला. कोंढाण्याचं लेणं एकदम समोर येतं. झाडी संपते आणि कातळाची ती भली मोठी कमान वर दिसते. खालचे खांब कधीचे पडून गेलेत, वरचं कोरीव काम मात्र लाकडात केल्यासारखं नाजूक. आजोबा कमानीखाली उभे राहिले आणि नेहमीसारखे सुरू झाले, "दोन हजार वर्षं झाली. छिन्नी नि हातोडा. इथं एका कारागिराचं नाव पन कोरलेलं हाय, या बघा..."

"तू खोटं का बोललीस?" पोरगा बहिणीला म्हणाला.

"मी कुठे खोटं बोलले?"

"आई पुण्याला आहे म्हणालीस."

"आहेच मुळी पुण्याला."

"ती आपली आई नाहीये. आपली आई मेली."

पोरगी गोंधळली, पण घाबरली नाही. तिनं त्याला समजावून सांगावं तसं सांगितलं, "ती पहिली. माझ्या दोन आया आहेत. एक मेली आणि एक आहे."

त्यानं तिला ढकललं. फार जोरात नाही, पण खाली खडक उताराचा होता आणि ती गुडघ्यावर पडली. रक्त आलं. ती किंचाळली आणि तो आवाज वरच्या कमानीत घुमून परत आमच्यावर आला.

"ए!" आजोबा ओरडले. "लाज नाय वाटत? लहान हाय ती!"

जन्मात त्यांनी त्या पोरावर आवाज चढवला नव्हता. तो त्यांच्याकडे बघत मागे सरकला आणि वळून गेला. मी पोरीला जवळ घेऊन गुडघा धुतला, पदर फाडून बांधायला लागले. ती हुंदके देत होती. थोड्या वेळानं मी मान वर केली तर पोरगा दिसेना.

"अहो, तो कुठाय?"

आजोबांनी हाका मारल्या. उत्तर नाही. त्या कातळाच्या पुढे खाली दरीचा उतार आहे, पाण्याची टाकी आहेत. आजोबा धावायला लागले. त्या गुडघ्यांनी धावत ते एका टोकाला गेले, परत दुसऱ्या टोकाला आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते बाजूच्या विहाराच्या दारातून आत शिरले. विहार म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, मधे मोठं दालन आणि कडेनं लहान लहान खोल्या. आत अंधार आणि वटवाघळांचा वास. मी पोरीला घेऊन दारात उभी राहिले.

तो शेवटच्या खोलीत होता. दगडात कोरलेल्या ओट्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. आजोबा वाकून आत गेले आणि त्याच्या शेजारी बसले. ते रागावले नाहीत. धाप लागली होती, ती थांबेपर्यंत बसून राहिले.

मग पोरगा म्हणाला, "आजोबा, मला तिचा आवाज आठवत नाही."

आजोबांनी ओट्यावरची धूळ हातानं झाडली.

"आणि चेहरा आठवायला गेलं की तुमच्या घरातला फोटोच येतो. हार घातलेला. दुसरा काही येतच नाही."

मला वाटलं, आता आजोबा काही तरी राजाचं, लढाईचं सांगतील. विषय बदलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते म्हणाले, "घोगरा होता."

"काय?"

"आवाज. तिचा आवाज घोगरा होता. शाळेत गाण्यात घेत नव्हते तिला. घरी येऊन रडायची. तुझ्याएवढी असताना तिला हितं आणलेली. त्या कमानीखाली उभी राहून ओरडली होती, आवाज घुमतो का बघायला."

"काय ओरडली?"

"बाबा," आजोबा म्हणाले. "बाबा म्हनून ओरडली. मी बाजूलाच होतो रं. तरी ओरडली."

आणि ते रडले. तिला नेलं तेव्हा ते रडले नव्हते, दहाव्याला रडले नव्हते. सगळे म्हणाले होते, माणूस खंबीर आहे. त्या अंधाऱ्या खोलीत त्यांचं रडणं दगडावर काही तरी घासावं तसं येत होतं. पोरगा आधी हललाच नाही. मग त्यानं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. पोरीनं मला हळूच विचारलं, "आजोबांना लागलं का?" मी म्हटलं, "हो, लागलं." ती माझा हात सोडून आत गेली आणि त्या दोघांच्या पायाशी जमिनीवर बसली.

थोडं शांत झाल्यावर पोरगा म्हणाला, "मी तिला आई म्हणत नाही. काकू पण नाही म्हणत. काहीच नाही म्हणत."

"मंग हाक कशी मारतोस?"

"नाही मारत. काही हवं असलं की जवळ जाऊन उभा राहतो."

आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. असं कर, तसं कर, काहीच सांगितलं नाही. आम्ही डबा तिथेच कमानीखाली खाल्ला. खाताना आजोबा बोलत होते, तिनं कुठल्या गडावर चप्पल हरवली, कुठे मधमाश्या लागल्या, अंबाडीची भाजी बघून कशी तोंड फिरवायची. मी त्यात माझं घालत होते. पोरगा ऐकत होता, मधेच विचारत होता. पोरगी थोडा वेळ ऐकून मुंग्यांच्या रांगेशी खेळायला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून तिचा फोन आला, नव्या बाईचा. ती रोज करायची. पोरं जेवली का, झोपली का. त्या दिवशी मला लपवता आलं नाही. पोरीचा गुडघा फुटला ते सांगावंच लागलं, आणि मग बाकीचंही सगळं निघालं. तो जवळ जाऊन उभा राहतो, हेही मी सांगून बसले.

"मला माहीत आहे, आई," ती म्हणाली. "तो येऊन उभा राहतो. मी हातातलं असेल ते ठेवून लगेच वळते. त्याला थांबायला लागू नये म्हणून."

मी फोन ठेवला आणि देवापुढे जाऊन बसले. तिचा राग करायला जागाच राहिली नाही, आणि त्यानं मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट वाटलं की माझ्या लेकीची जागा आता खरंच भरली.

पुढच्या दिवाळीला ती पोरांबरोबर आली. दिवस गेले होते तिला. तिचे आईवडील नव्हते, ते मला तेव्हा समजलं. मी तिला डिंकाचे लाडू करून दिले, पायांना तेल लावून दिलं. लेकीच्या वेळी केलं होतं तेच सगळं. हात आपोआप चालत होते. मधे एकदा तोंडातून लेकीचंच नाव गेलं. तिनं "ओ" दिली. चुकीच्या नावाला "ओ" देऊन ती आपली पाय चोळून घेत बसली, आणि मी खाली मान घालून तेल जिरवत राहिले.

तिला मुलगा झाला. मग जावयांची बदली बंगळूरला झाली. तिथून येणं सोपं नव्हतं. दिवाळी बंद झाली, मे महिनाही कधी व्हायचा, कधी नाही. मोठा फोनवर "हो आजी, बरा आहे आजी" एवढंच बोलायचा. पोरीचं मराठी आखडत गेलं. आजोबांचे गुडघे पूर्ण गेले. काठीशिवाय उठता येईना. तरी प्रत्येक वर्षी एप्रिलपासून ते विचार करत बसायचे, यंदा कुठे न्यायचं.

गेल्या मे महिन्यात ते सगळे मोटारीनं आले, पण राहायला थोडेच दिवस. मोठा आता कॉलेजला आहे, आवाज फुटलाय, दाढी येतेय. पोरगी बारा-तेरा वर्षांची. ती दाराशी उभी राहिली तेव्हा मी क्षणभर भिंतीला टेकले. तसंच कपाळ, तसेच खांदे. धाकटा पाच वर्षांचा, आल्या आल्या आजोबांच्या काठीवर घोडा घोडा खेळायला लागला.

आजोबांनी आंबिवलीची लेणी ठरवली होती. तिथे चढ नाही, नदीकाठीच आहेत, मोटार जवळपर्यंत जाते. मोठा म्हणाला, "आजोबा, मला नाही जमणार. मित्र येतायत मुंबईहून, पळसदरीला एक फार्महाऊस घेतलंय आम्ही." आजोबा म्हणाले, "जा जा, दोस्त पायजेत." जावई त्याला सोडायला गेले. गाडी परत आल्यावर आम्ही निघालो, जावई, पोरांची नवी आई, मी, आजोबा, पोरगी आणि धाकटा.

लेण्यात गारवा होता. आजोबा दाराशी दगडावर टेकले आणि सवयीनं बोलायला लागले. पोरगी दोन फोटो काढून नदीच्या बाजूला जाऊन बसली. ऐकायला उरला धाकटा. तो त्यांच्या गुडघ्यांमधे उभा राहिला.

"हे कोणी केलं?"

"मानसांनी."

"मशिनने?"

"नाय रं. हातानं."

"मग ते आता कुठे आहेत?"

"गेले."

"सगळे?"

"सगळे."

त्यानं मान हलवली, आत पळत जाऊन सगळ्या खोल्या बघून आला, आणि परत येऊन म्हणाला, "हो, कोणीच नाहीये." आजोबा हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. तिथे फिरायला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "नातू अगदी आजोबांवर गेलाय हो." मी "हो" म्हणाले. त्या पोरात आमचं काहीच नाही. त्याच्या तोंडावर मी लेकीचं काही शोधायचं म्हटलं तरी सापडणार नाही. आणि त्या दिवशी आजोबांचं बोट धरून चालणारा तोच होता.

मी नदीकडे पोरीपाशी गेले. तिच्या शेजारी बसले. तिचं कपाळ बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "कोंढाण्याला तू पडली होतीस, आठवतं? आजोबांनी तुझ्या आईचं सगळं सांगितलं होतं तेव्हा. घोगऱ्या आवाजाचं."

तिनं फोन बाजूला ठेवला. मग अगदी जपून बोलली. "आजी, रागावणार नाहीस ना? मला खरंच काही आठवत नाही. ते लेणं पण नाही, आणि ती पण नाही. लहानपणी तुम्ही तिचं सांगायचात ना, तेव्हा मी आठवतंय असं दाखवायचे. तुम्हाला दोघांना बरं वाटायचं म्हणून."

"असू दे," मी म्हणाले.

"दादाला आठवते थोडी. पण तो बोलत नाही."

"असू दे गं बाळा."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. रडू येत होतं, पण तिला पुन्हा काही तरी दाखवावं लागलं असतं, म्हणून मी ते गिळलं. तिकडून तिच्या आईनं हाक मारली, जेवायला चला म्हणून. पोरगी लगेच उठली, "आले आई," म्हणाली आणि मला उठवायला हात पुढे केला.

दोन दिवसांनी ते गेले. निघताना मोठा पाया पडला आणि जरा वेळ घुटमळला. मला वाटलं काही बोलेल. तो फोटोसमोर गेला, पाहिलं, आणि चपला घालून बाहेर गेला. धाकटा मोटारीच्या काचेतून हात हलवत होता.

त्या संध्याकाळी आजोबा पायरीवर बसले होते. मी त्यांच्या गुडघ्यांना मलम लावत होते.

"धाकट्याला गती हाय," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी त्याला जरा लांब कुठं तरी नेऊ."

"नेऊ," मी म्हणाले.

"मोठी दोन येतील का?"

मी मलमाचं झाकण लावलं. "बघू," म्हटलं, आणि दिवा लावायला आत गेले.